मण्यार तार तोडत नाही

मामा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. मंडळाचं महावितरण २००५ साली झालं, पण अकोले तालुक्यात अजून 'एमेशीबी'च म्हणतात. त्यांची भाची भूलतज्ज्ञ आहे, संगमनेरकडच्या एका रुग्णालयात. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि कुठल्याही विषयावर एकमत नाही. या वेळी वाद पेटला तो कोतूळच्या बाजूला वस्तीवर राहणाऱ्या एका पोराच्या बिलावरून. पोराला मण्यार चावला होता. तो वाचला. आठवड्याहून जास्त दिवस श्वासाच्या मशीनवर होता, आणि मामांना हे मशीन पटलेलं नव्हतं.

मामा : वीस बाटल्या लस दिली. डॉक्टर स्वतः म्हणाला, रक्तातलं विष मारलं. मग विष मेल्यावर पोरगं मशीनवर कशाला ठेवलं? बिल फुगवायला, दुसरं काय!

भाची : मामा, बिल किती लावलं ते मला माहीत नाही. पण विष मारणं आणि पोरगं उठून बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मामा : वेगळ्या कशा? फॉल्ट काढला की लाइट येते. जन्मभर हेच केलं मी. शरीर म्हणजे तरी काय? मेंदू म्हणजे सबस्टेशन, पाठीच्या कण्यातून मेन लाइन, आणि नसा म्हणजे घरोघरी गेलेल्या वायरी. शाळेच्या पुस्तकातसुद्धा असंच चित्र होतं.

भाची : तेच चित्र घात करतं. तुमच्या तारेत आणि नसेत फक्त दिसण्यापुरतं साम्य आहे.

मामा : विजेवर चालते का नाही नस?

भाची : चालते. पण कशी, ते ऐका. चेतापेशीच्या पडद्याच्या आतबाहेर ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू ऋण.

मामा : ७० मिलिव्होल्ट! टॉर्चचा सेल तरी दीड व्होल्टचा असतो.

भाची : हसा. पण तो पडदा केवढा जाड आहे? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातले सात-आठ. तेवढ्याशा जाडीवर ७० मिलिव्होल्ट म्हणजे मीटरला जवळजवळ एक कोटी व्होल्ट. तुमचा अकरा केव्हीचा इन्सुलेटर एवढा ताण सोसेल का?

मामा यावर काही बोलले नाहीत, पण इन्सुलेटरची बाब त्यांना लागली असावी. भाची थांबली नाही. हा ताण आपोआप टिकत नाही, पडद्यातले पंप सतत चालू असतात. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, दर फेरीला ऊर्जेचा एक रेणू खर्च. आपण बसल्या जागी झोपलो तरी हे चालूच. निरोप निघतो तेव्हा पडद्यातली सोडियमची चॅनेल उघडतात, सोडियम आत घुसतो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात तो ठिपका ऋणाचा धन होऊन परत पूर्ववत होतो. त्या धक्क्याने शेजारची चॅनेल उघडतात. मग त्यांच्या शेजारची.

भाची : म्हणजे तुमच्या तारेत करंट लांबीने धावतो. नसेत सोडियम आडवा आत शिरतो आणि लांबीने पुढे सरकते ती फक्त उघडण्याची पाळी. म्हणून तर वेग एवढा कमी. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन माणसाने १८५० च्या सुमारास बेडकाच्या नसेतला वेग मोजला, सेकंदाला तीसेक मीटर भरला. माणसाच्या सगळ्यात जाड, मेदाचं वेष्टण असलेल्या नसा शंभराच्या पुढे जातात. ठणका नेणाऱ्या बारीक नसा सेकंदाला एखादा मीटरच. पायाला ठेच लागली की आधी चटका बसतो आणि मग मागून ठणका येतो, तो यामुळे.

मामा : मग तर माझीच तार भारी. नगरला बटण दाबलं की इकडे दिवा लागतो.

भाची : लागतो, पण कसा? फीडरच्या शेवटच्या पोलवर व्होल्टेज काय येतं?

हा बाण बरोबर बसला. आमच्याकडे फीडरच्या टोकाला ज्याची विहीर आहे त्याला विचारावं. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की त्याच्या मोटारीचा आवाजच बदलतो, आणि वर्षाआड ती जळते. नसेत असं होत नाही. कण्यातून निघालेला निरोप पायाच्या अंगठ्यापर्यंत जवळजवळ मीटरभर जातो आणि निघाला तेवढाच पोचतो, कारण प्रत्येक ठिकाणी तो नव्याने तयार होतो. एक तर पूर्ण जातो, नाही तर जातच नाही. जोर जास्त हवा असेल तर निरोप मोठा होत नाही, जास्त वेळा येतो. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी हे सगळं गणित समुद्रातल्या स्क्विडच्या जाडजूड नसेवर १९५२ साली मांडलं. नोबेल मिळालं १९६३ मध्ये.

मामा : बरं, मान्य. पण मला शॉक बसला तेव्हा काय झालं? बाहेरचा करंट आणि आतला करंट एकच नसेल तर माझा हात का वळला? तार ओढून घेते म्हणतात ते उगाच?

भाची : तार ओढत नाही. पन्नास सायकलची वीज नसांना आणि स्नायूंना सारखी पेटवत राहते. पुढच्या हाताचे मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान असतात, म्हणून मूठ मिटते आणि तारेवरच अडकते. तुमचा मुद्दा एवढ्यापुरता बरोबर आहे. बाहेरून वीज दिली तर नस पेटते. गॅल्वानीने १७९१ साली बेडकाच्या पायांवर तेच लिहिलं. आम्ही नसांची तपासणी करतो तीही शॉक देऊनच.

मामा : झालं तर मग. आणि विंचू? विंचू चावल्यावर झिणझिण्या येतात त्या विजेसारख्याच.

इथे मामांनी, नकळत का होईना, विषय नेमका पकडला होता. लाल विंचवाचं विष खरोखरच तारेवर काम करतं. गावात दरारा काळ्या मोठ्या इंगळीचा असतो, पण जीव घेणारा छोटा लाल विंचू. त्याचं विष सोडियमची चॅनेल नीट बंद होऊ देत नाही आणि पोटॅशियमची चॅनेल अडवतं. निरोप थांबतच नाही. शरीराच्या स्वयंचलित नसा एकाच वेळी पेटतात. घाम, वांत्या, मग रक्तदाब वर, आणि शेवटी हृदय थकून फुप्फुसात पाणी. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून दाखवलं. त्याने विष उतरत नाही. नसांनी ओतलेलं अ‍ॅड्रिनॅलिन ज्या ठिकाणी जाऊन बसतं ती ठिकाणं हे औषध अडवतं. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातून गेलेली ही माहिती जगभर वापरली गेली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणखी एक गमतीची गोष्ट : याच जातीच्या विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळं काढलेलं आयबेरियोटॉक्सिन पोटॅशियमचं एक विशिष्ट चॅनेल तेवढं बंद करतं, आणि त्या चॅनेलचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा ते आजही विकत घेतात.

मामा : बघ. म्हंजे विष तारेतच शिरतं.

भाची : विंचवाचं. मण्याराचं नाही. मण्यार तुमच्या तारेला हातसुद्धा लावत नाही.

मामा : मग पोरगं लुळं कसं पडलं?

भाची : तुम्ही फॉल्ट कसा शोधता?

मामा : तुकडे पाडून. एबी स्विच उघडायचा, अर्धी लाइन चार्ज करून बघायची. टिकली तर फॉल्ट पुढे, नाही तर अलीकडे.

भाची : क्लोद बर्नार नावाच्या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अगदी हेच केलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला क्युरारे लावत. ते विष दिलेला बेडूक लुळा पडायचा. त्याने नसेला शॉक दिला, पाय हलला नाही. स्नायूला थेट शॉक दिला तर हलला. म्हणजे स्नायू चांगला. मग नस बिघडली म्हणावं, तर तीही निरोप नेत होती. आता सांगा फॉल्ट कुठे?

मामा : (थोड्या वेळाने) जंपरला. दोन तारा जोडणाऱ्या तुकड्याला.

भाची : जंपरला! पण तिथे जंपर नाहीच. तिथे फट आहे.

मामा : फट असेल तर सप्लाय बंद. फट म्हणजेच फॉल्ट.

भाची : तुमच्याकडे. शरीरात ती मुद्दाम ठेवलेली आहे.

नस जिथे स्नायूला भेटते तिथे ती त्याला चिकटत नाही. मधे मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी मोकळी जागा असते. निरोप नसेच्या टोकाला पोचला की कॅल्शियम आत शिरतं. टोकात अ‍ॅसिटिलकोलीन भरलेल्या बारीक पिशव्या असतात, त्या पडद्याला चिकटून फुटतात. रसायन फट ओलांडतं, पलीकडच्या ग्राहींवर बसतं, तिथली चॅनेल उघडतात आणि स्नायू आकसतो. लगेच फटीतलंच एक विकर त्या रसायनाचे तुकडे करतं, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी. एवढं सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत होतं.

मामा : एवढा खटाटोप कशाला? सरळ जोडून टाकायचं.

भाची : नसेचं टोक एवढंसं असतं, स्नायूचा तंतू त्याच्यापुढे दांडगा. टोकातल्या विजेने तो हलायचाच नाही. एका निरोपाने शेकडो पिशव्या फुटतात, एकेकीत हजारो रेणू. म्हणजे जोर वाढतो. शिवाय निरोप एकाच दिशेने जातो. आणि मेंदूत तर एका पेशीवर हजारो टोकं येऊन भिडतात. काही म्हणतात पेटव, काही म्हणतात थांब. सगळं सरळ जोडलं असतं तर थांब म्हणणार कोण? आठवण, शिकणं, सवय हे सगळं या फटी घट्ट-सैल होण्यावर चालतं. तुमची ती तार फक्त पोचवते. ठरतं सगळं फटीत.

हा वाद मामा-भाचीचा नाही, जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फटीतून ठिणगी उडते की रसायन जातं यावर शास्त्रज्ञांची दोन टोळकी भांडत होती. ठिणगीवाल्यांचा म्होरक्या जॉन एकल्स. रसायनवाल्यांकडे हेन्री डेल आणि ओटो लोवी, ज्यांना १९३६ मध्ये नोबेल मिळालं. आणि मग १९५१ मध्ये एकल्सने मज्जारज्जूतल्या पेशींवर स्वतःच प्रयोग केले, त्यातून रसायनाचा पक्ष खरा ठरला, आणि तो उघडपणे पलीकडे गेला. पुढे त्यालाही नोबेल मिळालं. मत बदलूनही मान कमी झाला नाही असं हे दुर्मीळ उदाहरण.

मामा मात्र एकल्स नव्हते.

मामा : आणि कुठेच सरळ जोड नाही? पूर्ण शरीरात?

भाची : (नाइलाजाने) आहे. हृदयाच्या स्नायूपेशी एकमेकींना थेट जोडलेल्या असतात, तिथे वीज एकीतून दुसरीत जाते. मेंदूतही काही ठिकाणी असे जोड आहेत.

मामा : हृदय! म्हंजे सगळ्यात महत्त्वाची लाइन माझ्या पद्धतीची.

भाची : घ्या. हृदय तुमचं. पण श्वास हृदयावर चालत नाही. श्वास छातीखालच्या पडद्याच्या स्नायूवर चालतो, आणि त्याला प्रत्येक श्वासाला फट ओलांडून आलेला निरोप लागतो. त्या पोराचं तेच बंद पडलं होतं.

आता भाची तिच्या धंद्यावर आली. ऑपरेशनच्या टेबलावर रोग्याचे स्नायू सैल पडावेत म्हणून ती जे औषध देते ते क्युरारेच्याच वाटेने जातं : पलीकडच्या ग्राहींवर जाऊन बसतं. ऑपरेशन संपलं की निओस्टिग्मिन देते. ते फटीतल्या विकराला अडवतं, अ‍ॅसिटिलकोलीन साठतं, आणि ग्राहीवर बसलेल्या औषधाला हटवतं. रोगी श्वास घ्यायला लागतो. रोज हेच.

भाची : नागाचं विष माझ्या औषधासारखं. पलीकडे जाऊन ग्राहींवर बसतं. म्हणून नाग चावलेल्याला लस आणि जोडीला अ‍ॅट्रोपिन-निओस्टिग्मिन दिलं की पडलेल्या पापण्या कधी कधी तासाभरात उघडतात. ते बघितलं की तुमची लाइट आल्यासारखं वाटतं. मण्याराचं विष मुख्यतः अलीकडे, नसेच्या टोकात शिरतं. पिशव्या रित्या करतं आणि मग टोकच नासवतं. आता निओस्टिग्मिन देऊन काय करू? साठवायला रसायनच सुटत नाही.

मामा : आणि लस?

भाची : लस रक्तातलं विष धरते. टोकात शिरून बसलेल्याला ती पोचत नाही, आणि नासलेलं टोक तर ती दुरुस्त करूच शकत नाही. ते नसेलाच पुन्हा वाढवावं लागतं. काही दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर छाती कोण हलवणार? मशीन. मशीन विषावरचा उपाय नाहीच मामा, ते फक्त वेळ काढतं.

मामा : (बराच वेळ गप्प राहून) म्हंजे ट्रान्सफॉर्मर जळालेला नाही, जंपर नवीन उगवायची वाट बघायची.

भाची : तसं म्हणा.

तैवानमधल्या चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये मण्याराच्याच भाऊबंदातल्या एका पट्टेरी सापाच्या विषातून दोन वेगळे घटक काढले होते, एक पलीकडच्या ग्राहीला चिकटणारा, एक अलीकडच्या टोकावर काम करणारा. पहिला इतका घट्ट चिकटतो की त्याच्याच मदतीने पुढे अ‍ॅसिटिलकोलीनचा ग्राही पेशीतून वेगळा काढता आला. सापाने लाखो वर्षांत शिकार करायला जे तयार केलं त्याने फटीच्या दोन्ही काठांचा नकाशा आपल्याला दिला. ज्या विकराचा उल्लेख वर आला त्याचा धडा मात्र आमच्याकडे शेतातच मिळतो. पिकांवर मारायची क्लोरपायरिफॉससारखी औषधं त्याच विकराला कायमचं अडवतात. फटीत रसायन साठत जातं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, अंगभर स्नायू थरथरतात आणि मग थकून बंद पडतात. निओस्टिग्मिन थोडं आणि थोड्या वेळासाठी करतं तेच, फक्त बेसुमार. उलट्या वाऱ्यावर फडकंही न बांधता फवारणी करणाऱ्याला हे सांगायला हवं, पण ते इथे नको. विषय लांबेल.

मामा : एक विचारू? पोराची आई म्हणत होती, त्याचे डोळे बघून पहिल्या डॉक्टरने मान हलवली होती. गेलाच म्हणाला. आणि नंतर पोरगं सांगतं, मला सगळं ऐकू येत होतं.

भाची : येत असणार. विष मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. तारा शाबूत, मेंदू जागा, फक्त एकही स्नायू हलत नाही. पापणी नाही, जीभ नाही. बाहुल्यासुद्धा कधी कधी प्रकाशाला दाद देत नाहीत. बघणाऱ्याला माणूस मेलेला वाटतो. म्हणून मण्याराच्या रोग्याशी बोलत राहायचं असतं, नाव घेऊन. आणि वेदना थांबवायचं औषध द्यायचं असतं. तो तक्रार करू शकत नाही.

यावर मामांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही. त्यांनी सांगितलं की पोरगं रात्री शेतात झोपलं होतं, खाली, गोधडीवर. थ्री फेज रात्रीचीच होती. पाणी भरून झाल्यावर घरी कोण येतो? मण्यार रात्री हिंडतो, उबेला अंथरुणात येतो. दात बारीक, वेदना फारशी नाही, झोपेत कळतही नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि घरचे म्हणतात झोप झाली नाही.

मामा : ते वेळापत्रक मी पाळलेलं आहे. रात्री दहाला फीडर चालू करायचा. लोक शिव्या द्यायचे.

दिवसा वीज द्यावी म्हणून २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना निघाली तेव्हा तिच्या पहिल्या प्रायोगिक गावांत याच जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी होतं. तिचा हिशेब सगळे युनिटमध्ये आणि पैशांत मांडतात. मला वाटतं सर्पदंशाचा एक रकाना त्यात हवा. भारतात २००० ते २०१९ या वर्षांत सापाने सुमारे बारा लाख माणसं मेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. त्यातले बहुतेक खेड्यातले.

मामा : मग वस्तीवर सांगायचं काय? लस कुठे आहे ते विचारा?

भाची : लस आणि मशीन, दोन्ही विचारा. बाज किंवा खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन.

मामा : आणि कोतूळहून संगमनेरला जाईपर्यंत श्वास थांबला तर?

भाची : तोंडावर मास्क धरून हाताने पिशवी दाबायची. आम्ही तेच करतो.

मामा : हाताने किती वेळ चालेल?

भाची : दोघं आलटून पालटून दाबणार असतील तर संगमनेरपर्यंत आरामात. त्याहून लांबसुद्धा.

मामा : केवढ्याला मिळते ती पिशवी? आणि पीएचसीत असते का, का विचारावं लागतं?

भाची : असायला हवी. पण विचाराच.